लोणावळा जवळच आहे, पण सोबत लहान बाळ असेल तर? मावळच्या सहलीआधी आईबाबांना माहीत हव्यात अशा गोष्टी

पुण्याहून लोणावळा सुमारे ६५ किलोमीटर, मुंबईहून सुमारे ८५. सकाळी चहा झाल्यावर ठरवलं तरी दुपारच्या जेवणाला पोहोचता येतं. त्यामुळे घरात बाळ आल्यावरची पहिली मोठी सहल बहुतेक वेळा इथलीच असते. कुणाची कुलदेवता कार्ल्याची एकवीरा, म्हणून बाळाला पहिल्या दर्शनाला न्यायचं असतं. कुणाला पाऊस दाखवायचा असतो, तर कुणाला घराबाहेर पडून चार तास मोकळा श्वास घ्यायचा असतो.

पण हे जवळ असणंच फसवतं. गोव्याला किंवा कोकणात जायचं तर आठ दिवस आधी यादी तयार होते. लोणावळ्याला मात्र दुपटं, दुधाची बाटली आणि दोन डायपर घेऊन माणसं निघतात. बाळ आईच्या मांडीवर, गाडी द्रुतगती मार्गावर आणि पुढे भिजायला धबधबा. अंतर कमी असलं म्हणून धोका कमी होत नाही. घाट तोच, गाडीचा वेग तोच आणि डोंगरातून येणारं पाणीही तेच.

मावळ म्हणजे मावळतीकडचा, सह्याद्रीला लागून असलेला मुलूख. पुणे जिल्ह्यातल्या या तालुक्याचं मुख्यालय वडगाव, आणि लोणावळा-खंडाळा याच तालुक्यात. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ अशी त्याची खोरी. लहान मूल घेऊन या भागात गाडीनं जाताना कोणती तयारी लागते, कायदा काय सांगतो आणि कुठे थांबायचं, याची ही माहिती.

बाळ किती मोठं झाल्यावर न्यावं?

बाळाला प्रवासाला नेण्यासाठी कायद्यानं ठरवलेलं असं काही वय नाही. मात्र पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते. दीड महिन्याच्या लसी झालेल्या नसतात. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या बाजारात जी गर्दी असते, ती या वयासाठी बरी नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टर गाठावा लागतो. डोंगरातल्या एखाद्या बंगल्यावर मुक्काम असेल, तर रात्री हे अवघड होतं. म्हणून इतक्या लहान बाळाची सहल शक्यतो पुढे ढकलावी. वेळेआधी जन्मलेलं किंवा जन्मतः वजन कमी असलेलं बाळ असेल, तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच निघावं.

चार ते आठ महिन्यांचं बाळ प्रवासाला त्यामानानं सोपं. ते बराच वेळ झोपतं. खरी कसोटी एक ते तीन वर्षांच्या मुलाची. त्याला चालायचं असतं, पळायचं असतं, दगड तोंडात घालायचे असतात आणि खुर्चीच्या पट्ट्यात बसायचं नसतं. या वयाच्या मुलाबरोबर दिवसभरात एकच ठिकाण ठरवावं. भुशी, टायगर पॉइंट, कार्ला आणि लोहगड एका दिवसात उरकणं मोठ्यांनाही दमवतं. मुलाच्या वाट्याला तेव्हा फक्त गाडीतली रडारड येते.

मांडी ही सुरक्षित जागा का नाही?

आपल्याकडे बाळ आईच्या मांडीवर असलं की सगळ्यांना निश्चिंत वाटतं. मायेची ऊब असते, मिठीही घट्ट असते. पण गणित वेगळं आहे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं चाललेली असताना कशावर तरी आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचं बाळ पुढे फेकलं जाताना हातांवर सरासरी १४० किलोंचा जोर येतो. एका क्षणात, कल्पना नसताना, १४० किलो धरून ठेवणं कुणालाही जमत नाही. हा हिशोब ५० च्या वेगाचा आहे. द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की आदळण्यातली ऊर्जा चौपट होते.

मांडीवरच्या बाळाला आणखी एक धोका असतो. आईनं स्वतःचा पट्टा लावलेला नसेल, तर धडकेत तिचं स्वतःचं वजन बाळावर येतं. एकाच पट्ट्यात दोघांना गुंडाळलं, तर पट्टा बाळाच्या शरीरात रुततो. पुढच्या सीटवर बाळ घेऊन बसणं तर सर्वांत वाईट, कारण मोठ्या माणसाचा जीव वाचवणारी एअरबॅग ज्या जोरानं उघडते, तो जोर बाळाला सोसत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, १४ वर्षांखालचं मूल सीट बेल्ट किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा आसनाशिवाय गाडीत असेल तर १,००० रुपये दंड आहे. हा कायदा मागच्या सीटलाही लागू होतो. मागे बसलेल्यांना पट्ट्याची गरज नसते, हा समज किती महागात पडतो, हे सप्टेंबर २०२२ मध्ये दिसलं. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघातात मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

बाळाची खुर्ची: कोणती आणि कशी?

गाडीतली बाळाची खुर्ची म्हणजे कार सीट. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, अशा आसनांच्या वापरानं अपघातात होणारे तान्ह्या बाळांचे मृत्यू सुमारे ७१ टक्क्यांनी कमी होऊ शकतात. खुर्ची घेताना पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

लहान बाळाची खुर्ची नेहमी मागच्या सीटवर आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवावी. बाळाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं, मान कमकुवत असते. समोरून धडक बसली तर अशा खुर्चीत डोकं, मान आणि पाठ एकत्र पेलली जाते. युरोपातल्या नव्या मानकानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवावं लागतं. खुर्चीच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल, तर त्यानंतरही तसंच ठेवणं चांगलं.

मोठ्या मुलासाठी पट्टेवाली पुढे तोंड करून बसवायची खुर्ची, आणि नंतर उंची वाढवणारी बूस्टर सीट. गाडीचा नेहमीचा पट्टा मुलाच्या गळ्यावर न येता खांद्यावर आणि पोटावर न येता मांड्यांच्या वर नीट बसेपर्यंत बूस्टर लागते. साधारण १४५ सेंटीमीटर उंचीपर्यंत ही गरज असते, म्हणजे शाळकरी मुलांनाही.

खुर्ची गाडीच्या पट्ट्यानं किंवा आयसोफिक्स कड्यांना घट्ट बसवावी. हलवून पाहिल्यावर ती डुगडुगता कामा नये. बाळाचे पट्टे इतके घट्ट असावेत, की खांद्यावर पट्ट्याची चिमूट धरता येऊ नये. लोणावळ्याच्या गारव्यात बाळाला जाड जाकीट घालून पट्टे लावले, तर जाकिटाच्या जाडीमुळे पट्टे प्रत्यक्षात सैल राहतात. त्याऐवजी पातळ कपड्यांवर पट्टे लावून वरून दुपटं पांघरावं.

ओळखीतल्या कुणाची वापरलेली खुर्ची घ्यायला हरकत नाही. मात्र ती अपघात झालेल्या गाडीतली नसावी आणि तिची मुदत संपलेली नसावी. भाड्याची गाडी ठरवत असाल तर त्यात खुर्ची मिळेलच असं नाही, म्हणून स्वतःची सोबत नेऊन निघण्याआधी बसवून पाहावी. मुलाला खुर्चीची सवय आठवडाभर आधी सोसायटीतल्या छोट्या फेऱ्यांमध्ये लावली, तर घाटातली रडारड कमी होते.

दुचाकीवरून नेता येईल का?

द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे दुचाकीवाले जुन्या महामार्गानं येतात. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये काढलेला नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. त्यानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला हेल्मेट हवं, चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचंच आहे. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला बसेल असं हेल्मेट मिळत नाही आणि त्याची मान धक्के सोसत नाही. पावसाळ्यात ट्रकच्या शेजारून, निसरड्या रस्त्यानं बाळाला घेऊन येण्यापेक्षा पुणे-लोणावळा लोकल कधीही बरी. कार्ला, भाजे आणि लोहगडासाठी मळवलीला उतरता येतं.

द्रुतगती मार्ग की जुना रस्ता?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४.५ किलोमीटरचा आहे. वेळ वाचतो, पण मनाला येईल तिथे थांबता येत नाही. बाळ रडलं म्हणून कडेच्या पट्टीवर गाडी उभी करणं हे या रस्त्यावरच्या सर्वांत धोकादायक कामांपैकी एक. मागून येणाऱ्या जड वाहनाला उभी गाडी चालती आहे असं वाटू शकतं, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून थांबे आधीच ठरवावेत. मुंबईहून येताना घाट सुरू होण्याआधी खालापूरच्या परिसरात एकदा थांबून दूध, डायपर, पाय मोकळे करणं उरकून घ्यावं. पुढचा घाट सलग पार करता येतो. घाटात मोटारींना ताशी ६० ची मर्यादा आहे.

पुण्याहून येणाऱ्यांना घाट लागतच नाही, कारण लोणावळा घाटमाथ्यावरच आहे. त्यांच्यासाठी तळेगाव, वडगाव, कामशेत, कार्ला असा जुना महामार्ग बाळासोबत अनेकदा सोयीचा ठरतो. थोडा वेळ जास्त लागतो, पण हॉटेलं, औषधांची दुकानं आणि थांबायला जागा वाटेत मिळत राहतात.

तान्ह्या बाळाला खुर्चीत सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. अगदी नवजात बाळ असेल तर अर्ध्या-पाऊण तासानं बाहेर काढावं. झोपेत बाळाची हनुवटी छातीला टेकली तर श्वासाला अडथळा होऊ शकतो, म्हणून मागे बाळाशेजारी एका मोठ्या माणसानं बसून अधूनमधून पाहत राहावं. मुक्कामी पोहोचल्यावर झोपलेल्या बाळाला खुर्चीतच राहू न देता सपाट अंथरुणावर उताणं झोपवावं.

वेळेचं गणित मात्र नकाशावरच्या आकड्यावर सोडू नये. शनिवारी सकाळी लोणावळ्याकडे आणि रविवारी संध्याकाळी परतीला बोरघाटात कोंडी होणं नित्याचं. दीड तासाचा प्रवास तीन-चार तासांचा होऊ शकतो, आणि तो वेळ बाळाच्या भुकेचा असतो. शक्य असेल तर मधला वार निवडावा. ते जमणार नसेल तर पहाटे निघून दुपारी परत फिरावं. मुलाच्या झोपेच्या वेळेला गाडी चालती असली, की निम्मा रस्ता शांततेत जातो.

जोरदार पावसात घाटात दरडी कोसळतात. द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२३ मध्ये दरड कोसळून वाहतूक थांबली होती. हवामान विभागानं घाटमाथ्यासाठी रेड किंवा ऑरेंज अलर्ट दिला असेल, तर बाळाला घेऊन निघू नये. आरक्षणाचे पैसे बुडतात, पण तेवढंच बुडतं.

गाडी लागणं आणि कान दुखणं

गाडी लागणं साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतं आणि शाळकरी वयात जास्त दिसतं. कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की शरीर हलतंय, आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या गोंधळातून मळमळ होते. म्हणून घाटात मुलाच्या हातात मोबाइल किंवा चित्रांचं पुस्तक देऊ नये. त्याला दूरचा डोंगर, बोगदा, समोरचा ट्रक दाखवावा. निघण्याआधी तेलकट किंवा पोटभर न देता हलकं काही द्यावं. खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि गाडीतला उग्र सुगंधी डबा काढून टाकावा. उलटीच्या गोळ्या लहान मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नयेत.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंचीवर आहे. मुंबईहून येताना ही बरीचशी चढण घाटातच होते, त्यामुळे कानात दडे बसतात. मोठी माणसं आवंढा गिळतात, बाळाला ते सांगता येत नाही. उतरताना बाळाला चोखणी द्यावी, मोठ्या मुलाला घोट-घोट पाणी द्यावं. अंगावरचं दूध पाजायचं असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवूनच. चालत्या गाडीत पाजण्यासाठी बाळाला खुर्चीतून काढलं, तर मग खुर्ची घेऊन उपयोग काय?

दूध, पाणी आणि चिक्की

सहा महिन्यांच्या आतलं बाळ फक्त आईच्या दुधावर असेल, तर उन्हाळ्यातही त्याला वरचं पाणी लागत नाही. जरा जास्त वेळा पाजलं की पुरतं. पाणी आईनं भरपूर प्यावं. पावडरचं दूध घरून बनवून नेऊ नये. उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, पावडर कोरड्या डबीत आणि वाटी-चमचा किंवा बाटली उकळून स्वच्छ पिशवीत, असं वेगवेगळं न्यावं आणि लागेल तेव्हा बनवावं. बनवलेलं दूध दोन तासांच्या आत संपवावं. बाळानं तोंड लावलेलं उरलं तर तासाभरानंतर टाकून द्यावं.

वरचं खाणं सुरू झालेल्या बाळासाठी घरचा मऊ भात, नाचणीचं सत्त्व, केळं, उकडून कुस्करलेला बटाटा यांच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. त्यातल्या जिवाणूंमुळे गंभीर आजार होऊ शकतो.

लोणावळ्याला गेलं की चिक्की आलीच. पण अख्ख्या शेंगदाण्याची कडक चिक्की चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नये. दाण्याचा तुकडा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका या वयात सर्वांत जास्त असतो, कारण दाढा पूर्ण आलेल्या नसतात आणि मूल खाताखाता हसतं, पळतं. भाजलेल्या कणसाचे दाणे, जांभूळ-करवंदांच्या बिया, अख्खी द्राक्षं यांचंही तसंच. चालत्या गाडीत तर मुलाला कडक काहीही खायला देऊ नये. एका खड्ड्यानं ठसका लागतो आणि गाडी थांबवायला जागा नसते.

घास अडकून मुलाला श्वास घेता येईना, आवाज फुटेना, तर तोंडात अंदाजानं बोट घालू नये, त्यानं तुकडा आणखी आत जातो. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खवाट्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब द्यावेत. वर्षापुढच्या मुलाला पाच थापा आणि मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके. तुकडा निघेपर्यंत हे आलटून-पालटून करावं आणि दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावावा. मूल बेशुद्ध झालं तर कडक जमिनीवर ठेवून सीपीआर सुरू करावा. ही कृती वाचून नव्हे, करून शिकावी लागते, म्हणून आपल्या डॉक्टरांकडून एकदा बाहुलीवर शिकून घेतलेली बरी.

जुलाब झाले तर ओआरएस हवंच, आणि ते औषधाच्या दुकानातलं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट मिसळावं आणि २४ तासांनंतर उरलेलं फेकावं. फळांच्या गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तशा पेयांत साखर जास्त असते आणि त्यानं जुलाब वाढू शकतात.

पाणी: मावळातला सर्वांत मोठा धोका

भुशी धरण एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलं गेलं. पावसाळ्यात ते भरलं की पायऱ्यांवरून पाणी वाहतं आणि त्यात बसायला हजारो लोक येतात. ३० जून २०२४ च्या रविवारी याच धरणाच्या मागच्या बाजूला डोंगरातून येणाऱ्या धबधब्यात पुण्याहून आलेलं एक कुटुंब अडकलं. एकमेकांना घट्ट धरून ते प्रवाहाच्या मधोमध उभे होते. पाण्याचा जोर वाढला आणि पाच जण वाहून गेले. एक महिला आणि चार मुलं. पोलीस, नौदलाचे पाणबुडे आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेच्या स्वयंसेवकांना शोधमोहीम राबवावी लागली.

१५ जून २०२५ ला, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळा इथं इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीनं कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता.

या दोन्ही घटनांतून पालकांनी घ्यायची गोष्ट एकच. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी ते तेवढंच राहील याची खात्री नसते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुणे शहराच्या पाच-सहा पट. आपण उभे असतो तिथे ऊन असतं, आणि दोन किलोमीटर वरच्या डोंगरावर ढग फुटलेला असतो. ते पाणी काही मिनिटांत खाली येतं. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज बदलला, की सामान सोडून लगेच काठावर, उंचावर यावं.

गुडघाभर वेगवान पाणी धट्ट्याकट्ट्या माणसाचे पाय उचलतं. कडेवर मूल असेल तर तोल आधीच गेलेला असतो आणि सावरायला हात मोकळे नसतात. शेवाळलेल्या कातळावर चप्पल काय आणि बूट काय, सारखेच. म्हणून लहान मूल सोबत असताना धबधबा लांबून पाहावा. वाहत्या पाण्यात मुलाला घेऊन उतरूच नये, फोटोसाठीही नाही. मोठ्या माणसांना भिजायचंच असेल, तर एकानं मुलाला घेऊन काठापासून लांब थांबावं.

पावसाळ्यात पुणे जिल्हा प्रशासन धबधबे, धरणं आणि कड्यांच्या जागांसाठी मनाई आदेश काढतं. कुठे प्रवेश बंद आहे आणि किती वाजेपर्यंत थांबता येतं, हे निघण्याआधी बातम्यांत पाहून घ्यावं. पवना धरणाच्या काठी तंबूत मुक्काम असेल, तर पाणी काठापासून दोन पावलांवर खोल होऊ शकतं हे लक्षात ठेवावं. दुडदुडणाऱ्या मुलाचा तंबू पाण्यापासून लांबच असावा. थंडी आहे म्हणून तंबूत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिचा विषारी वायू वास न येता झोपेतच जीव घेतो. बंगला भाड्यानं घेताना पोहण्याच्या तलावाला कुंपण आणि बंद होणारं दार आहे का, हे आधी विचारावं.

मग जायचं कुठे?

कार्ल्याची लेणी मुलांना आवडतात. तिथलं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं मानलं जातं. छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत, आणि आत गेल्यावर मुलं आपोआप वर बघतात. एकवीरा देवीचं मंदिर लेण्याला लागूनच आहे. वर जायला बऱ्याच पायऱ्या आहेत, त्यामुळे बाबागाडी निरुपयोगी. बाळाला अंगाला बांधायची झोळी किंवा कॅरियर न्यावं. चैत्रात आणि नवरात्रात गर्दी फार असते, म्हणून लहान बाळाचं दर्शन साध्या वारी सकाळी लवकर उरकावं. माकडं हातातली पिशवी ओढतात, त्यामुळे मुलाच्या हातात खाऊ देऊ नये.

भाज्याची लेणी जवळच आहेत, चढण कमी आणि गर्दीही त्यामानानं कमी. लोहगडाला पायऱ्या आहेत आणि लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, म्हणून तो मुलांसाठी सोपा गड समजला जातो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी तो एक. पण जुलै २०२३ मध्ये पावसाळी गर्दीमुळे त्याच्या पायऱ्यांवर माणसं तासन्‌तास अडकली होती. मूल घेऊन जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला मधला वार उत्तम.

टायगर पॉइंट आणि लायन्स पॉइंटला धुकं असलं की कडा कुठे संपतो ते दिसत नाही. तिथे मुलाचा हात सुटता कामा नये, आणि कठड्यावर बसवून फोटो काढू नयेत. अगदी लहान मुलांसाठी लोणावळ्यातलं रायवूड उद्यान, कामशेतच्या बाजूची इंद्रायणी तांदळाची शेतं, किंवा रेल्वे फाटकाजवळ सुरक्षित अंतरावर उभं राहून पाहिलेली गाडी पुरते. दोन वर्षांच्या मुलाला दरीपेक्षा चिखलातला बेडूक जास्त आठवतो.

गाडीत मूल एकटं नको

चिक्की घ्यायला पाच मिनिटांसाठी उतरताना झोपलेलं मूल गाडीत ठेवण्याचा मोह होतो. उन्हात उभ्या गाडीचं तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सिअसनं वाढतं, आणि मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. सोबत दोन मोठी माणसं असतील तर एकानं गाडीत थांबावं, एकच असेल तर मूल सोबत न्यावं. मागची दारं आतून उघडणार नाहीत असं कुलूप आणि खिडक्यांचं बटण निघतानाच लावून ठेवावं.

हाताशी असावी अशी पिशवी

ही पिशवी डिकीत तळाशी न ठेवता सीटजवळ ठेवावी. कोंडीत अडकल्यावर डिकी उघडता येत नाही.

• ठरलेल्या वेळेपेक्षा दुप्पट वेळाला पुरतील एवढे डायपर, दूध आणि खाऊ
• कपड्यांचे तीन जोड, त्यातला एक आईसाठी, कारण उलटी बहुतेक वेळा तिच्याच अंगावर होते
• कानटोपी, पातळ दुपटी, टॉवेल आणि प्लास्टिकच्या पिशव्या
• थर्मामीटर, ओआरएस, नेहमीची औषधं आणि डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेल्या तापाच्या औषधाचं प्रमाण
• बाळाचं लसीकरण कार्ड, निदान त्याचा मोबाइलमधला फोटो
• डासांपासून बचावासाठी मच्छरदाणी
• आईबाबांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, चालणाऱ्या मुलाच्या खिशात
• पाणी, बॅटरी आणि मोबाइल चार्जर

अडचण आली तर ११२ हा सर्व आपत्कालीन सेवांचा क्रमांक आणि १०८ ही रुग्णवाहिका. गडांवर आणि खोऱ्यांत मोबाइलला रेंज जाते, म्हणून कुठे चाललोय आणि कधी परतणार, हे घरी कुणाला तरी सांगून ठेवावं. मुक्कामाच्या जागेपासून रात्री उघडं असणारं रुग्णालय कुठे आहे, हे पोहोचल्यावर लगेच विचारून घ्यावं. लोणावळा आणि तळेगाव इथे रुग्णालयं आहेत. पवना किंवा आंदर मावळाच्या आतल्या गावातून तिथे पोहोचायला रात्री तासभरही लागू शकतो.

परत कधी फिरायचं?

मूल सलग रडतंय, काही खात-पीत नाही, सहा तासांत लघवी झालेली नाही, मलूल पडलंय किंवा श्वास जोरात चाललाय, यातलं काहीही दिसलं तर सहल तिथेच थांबवून डॉक्टरकडे जावं. पाऊस वाढला, धुकं दाटलं किंवा पुढे गर्दी आहे असं वाटेत कळलं, तर कामशेतला गरम पोहे खाऊन माघारी येण्यात काही कमीपणा नाही. लोहगड तिथेच राहणार आहे, भुशीही दरवर्षी भरणार आहे. मूल चार वर्षांचं झाल्यावर स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढेल, तेव्हा ती सहल त्याच्याही लक्षात राहील.